सिलेनचा रिपोर्ट 'रेडिली बायोडिग्रेडेबल' आलाय, पण खरंच मानायचं का?

गाळपाणी
नमस्कार मंडळी. काँक्रीटवर मारायच्या वॉटर रिपेलंटमध्ये आम्ही मिथिलट्रायमेथॉक्सीसिलेन (सिलेन म्हणजे सिलिकॉनचं संयुग) वापरतोय आणि सेफ्टी डेटा शीटचा १२वा, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचा सेक्शन भरायचं काम माझ्याकडे आलंय. सप्लायरने ओईसीडी ३०१ए, म्हणजे पदार्थ बॅक्टेरिया सहज खातात का हे बघायच्या ठरलेल्या टेस्टचा रिपोर्ट दिलाय, २८ दिवसांत डीओसी म्हणजे पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन ७४% कमी झाला, पास व्हायला ७०% लागतात, म्हणून खाली ठळक अक्षरात 'रेडिली बायोडिग्रेडेबल' लिहून मोकळे झालेत. पण सिलिकॉनला थेट चिकटलेला मिथाइल बॅक्टेरिया इतक्या सहज खातील हे मला पटत नाहीये. ग्राफ पण विचित्र वाटतो, पहिल्या आठवड्यातच सरळ वर गेलाय आणि मग शेवटपर्यंत सपाट. हे असंच्या असं शीटवर टाकायचं का?

प्रयोगवही
असंच्या असं अजिबात नको. आधी रेणू कागदावर काढा आणि कार्बन मोजा. एकूण ४ कार्बन, त्यातले ३ मेथॉक्सी गटात आणि १ सिलिकॉनवरचा मिथाइल. हे सिलेन पाण्यात पडलं की न्यूट्रल पीएचला सुद्धा काही तासांतच मेथॉक्सी गट सुटतात, हे नुसतं हायड्रोलिसिस, म्हणजे पाण्यामुळे होणारं विघटन आहे, बॅक्टेरियाचा त्यात काही संबंध नाही. मग बाटलीत काय राहतं, मिथेनॉलचे ३ रेणू आणि एक मिथिलसिलेनट्रायॉल. मिथेनॉल बॅक्टेरिया आनंदाने खातात. ४ पैकी ३ म्हणजे ७५%, आणि तुमचा आकडा ७४! म्हणजे टेस्ट मिथेनॉलची झाली आणि सर्टिफिकेट सिलेनला मिळालं. तो सपाट भाग नीट बघा, मिथेनॉल संपल्यावर खायला काही उरलंच नाही असं तो सांगतोय.
हेच गणित ऑक्टिलट्रायएथॉक्सीसिलेनला लावा, १४ पैकी ६ कार्बन इथेनॉलचे, म्हणजे ४३%, त्यामुळे सगळं इथेनॉल संपलं तरी तेवढ्यावर ते नापासच. फिनिलट्रायमेथॉक्सीला तर ३३%च. आणि टेट्राएथॉक्सीसिलेनचे आठच्या आठ कार्बन इथेनॉलचे, तिथे मात्र मागे फक्त सिलिका राहते, त्याचा पास खरा पास आहे.

चिमणी_फ्लास्क
वरच्याशी सहमत, एक भर घालते. ३०१ए मध्ये नमुना गाळून मग कार्बन मोजतात, आणि हे सिलेनट्रायॉल एकमेकांना जोडून मोठे रेणू करतात, काचेला चिकटतात, गाळावर बसतात. फिल्टरवर अडकलं की डीओसी कमी दिसतो आणि वाटतं डिग्रेड झालं. म्हणून रिपोर्टमध्ये निर्जंतुक कंट्रोल आहे का ते आधी शोधा, म्हणजे बॅक्टेरिया मारून ठेवलेली बाटली. त्यातही कार्बन घटला असेल तर तेवढी घट बायोडिग्रेडेशनची नाही. जमलं तर गाळलेल्या पाण्यातलं एकूण सिलिकॉन आयसीपीवर (मूलद्रव्यं मोजायच्या यंत्रावर) मोजून घ्या, ते घटलेलं निघालं तर माल गाळात किंवा काचेवर गेलाय.
३०१एफ, म्हणजे खर्च झालेला ऑक्सिजन मोजणारी टेस्ट केली असती तर ऑक्सिजनच्या हिशेबात मिथेनॉलचा वाटा ६.५ पैकी ४.५ मोल, म्हणजे ६९% येतो, पण थोडा कार्बन बॅक्टेरिया स्वतःच्या वाढीला वापरतात, त्यामुळे आकडा ६०% च्या पास रेषेच्या आसपास रेंगाळला असता. एकाच पदार्थाची एक टेस्ट पास आणि दुसरी काठावर.

गाळपाणी
बापरे, हे गणित कुणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार. मग शीटवर लिहू काय? आणि आमच्या दुसऱ्या एका मालात सिलिकॉन ऑइलमधून थोडा डी४ (सिलिकॉन-ऑक्सिजनचं कडं असलेला मिथिलसिलोक्सेन) येतो, त्याला पण हाच हिशेब का?

प्रयोगवही
डी४ ला सुटणारं अल्कोहोलच नाही, त्याचा सगळा कार्बन सिलिकॉनवरच्या मिथाइलमध्ये, त्यामुळे हा हिशेब तिथे चालत नाही. शिवाय तो पाण्यात जेमतेम विरघळतो आणि भराभर हवेत उडतो, उघड्या फ्लास्कमध्ये टेस्ट केली तर उडून गेलेला मालसुद्धा 'नाहीसा झाला' म्हणून मोजला जाऊ शकतो. त्यासाठी बंद बाटलीची ओईसीडी ३१० आहे, तिच्यात तयार झालेला कार्बन डायऑक्साइडच मोजतात. त्यात डी४ ला ३.७% आणि त्याच्याच मोठ्या कड्याच्या भावाला, डी५ ला ०.१४% आलेत, म्हणजे जवळपास काहीच नाही.
पाण्यात डी४ चं हायड्रोलिसिस होतं, २५ अंशाला पीएच ७ वर हाफ-लाइफ (अर्धा माल संपायला लागणारा वेळ) साधारण ४ दिवस, डी५ चं ७० दिवसांच्या आसपास, आणि शेवटी डायमिथिलसिलेनडायॉल उरतो. पण खऱ्या नदीत हा माल पाण्यात थांबतोच कुठे, गाळाला चिकटतो, आणि गाळात डी४ चं हाफ-लाइफ २०० दिवसांच्या वर जातं. म्हणून युरोपने २०१८ च्या जूनमध्ये डी४, डी५, डी६ तिन्ही अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत टाकले. अशा मालाला ३०१ वर निकाल देऊच नये, ओईसीडी ३०८ म्हणजे पाणी-गाळाची टेस्ट लागते, किरणोत्सारी कार्बन-१४ लावलेला पदार्थ घेऊन.
सिलिकॉन-कार्बन बंध सजीवांनी स्वतः बनवलेला निसर्गात सापडलेला नाही, त्यामुळे तो तोडायची सवय बॅक्टेरियांना लागणार कशी! २०२४ साली रसायनशास्त्रज्ञ फ्रान्सेस अर्नोल्ड यांच्या गटाने मिथिलसिलोक्सेनमधला हा बंध तोडणारं एन्झाइम दाखवलं, पण ते प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेलं. मातीत मात्र फ्युझेरियम बुरशी आणि आर्थ्रोबॅक्टर हे डायमिथिलसिलेनडायॉल हळूहळू तोडतात असं दिसलंय.

चिमणी_फ्लास्क
शीटचं सांगते. 'रेडिली बायोडिग्रेडेबल' हा शब्द काढा. लिहा की पाण्यात जलद हायड्रोलिसिस होतं, त्यातून येणारं मिथेनॉल सहज बायोडिग्रेड होतं, आणि मोजलेली घट मिथेनॉलच्या वाट्याएवढीच असल्याने मिथिलसिलेनट्रायॉलचं बायोडिग्रेडेशन या टेस्टमधून सिद्ध होत नाही. वर्गीकरणाचा 'रॅपिडली डिग्रेडेबल' हा मुद्दा वेगळा आहे, तिथे हायड्रोलिसिस चालतं, पण हाफ-लाइफ १६ दिवसांच्या आत हवं आणि तयार होणारे पदार्थ जलचरांना घातक वर्गात बसणारे नकोत, म्हणजे सिलेनट्रायॉलचा टॉक्सिसिटी डेटा पण सप्लायरकडे मागा.
आणि पुढे कधी अमिनोसिलेनचा ऑक्सिजन टेस्टवाला रिपोर्ट हातात आला तर नायट्रिफिकेशन धरलंय का ते बघा, अमोनियाचा नायट्रेट होताना लागलेला ऑक्सिजन कार्बनच्या खात्यात गेला तर टक्केवारी फुगते.