कूलंट उतरतंय, पण खाली थेंब नाही
दादा, दर आठवड्याला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) उतरतं पण गाडीखाली थेंब नाही म्हणालात, म्हणजे गळती बहुधा इंजिन तापल्यावर होते आणि थेंब तिथेच वाळतो. सकाळी इंजिन थंड असताना होसच्या (रबरी नळ्यांच्या) क्लिपा आणि वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र टॉर्चने बघा. पांढरट किंवा रंगीत डाग दिसला तर गळती तिथलीच. माझ्या गाडीचा तापमानाचा काटा चोर्ला घाट चढताना वर गेला, तेव्हा पंपाचं सीलच गेलं होतं. डाग नसेल तर म्हापशात गॅरेजवर प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) करून घ्या. तोवर विहिरीचं पाणी भरत राहू नका, रेडिएटर आतून गंजतो. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका, हात भाजेल.