शाळेसाठीचा जायकवाडीचा संवादी फलक: दिव्यांचा नकाशा की टचस्क्रीन?

धागाकर्ता (अधिव्याख्याता, तंत्रनिकेतन, परभणी)

आमच्याकडील अणुविद्युत (इलेक्ट्रॉनिक्स) शाखेच्या अंतिम वर्षाच्या एका गटाने यंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवण्यासाठी, मुलांनी स्वतः हाताळावा असा इलेक्ट्रॉनिक फलक करायचे ठरवले आहे. विषय आहे जायकवाडी धरण आणि त्याचे कालवे. गटातील काही विद्यार्थ्यांना मोठी टचस्क्रीन विकत आणून तीत माहिती भरावी असे वाटते. माझे मत असे की फलक लाकडी नकाशा, दिवे आणि बटणे यांतूनच घडवावा. पदविकेचा प्रकल्प हा हाताने घडवण्याचा अभ्यास आहे, आणि विकत आणलेल्या पडद्यात विद्यार्थ्यांनी घडवलेले फारच थोडे उरते.

दुसरे कारण विषयातच आहे. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यापैकी उपयुक्त साठा सुमारे ७६ आणि मृतसाठा, म्हणजे कालव्यात सोडता न येणारे तळाचे पाणी, सुमारे २६. वर्तमानपत्रातील टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे ‘शून्य टक्के’ वाचून धरण कोरडे पडले असे मुलांनाच काय, मोठ्यांनाही वाटते. एका दिव्याला दोन टीएमसी या हिशोबाने ५१ दिव्यांचा उभा स्तंभ करावा, खालचे १३ तांबडे, वरचे ३८ निळे. मुलाने गोल मूठ फिरवत टक्केवारी शून्यावर आणली की निळे सगळे विझतात आणि तांबडे तेरा तसेच राहतात. मृतसाठा म्हणजे काय, हे त्या क्षणी त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

नकाशा एका सेंटीमीटरला तीन किलोमीटर या प्रमाणात घेतला तर मराठवाडा पाच फूट रुंद, चार फूट उंच प्लायवूडवर बसतो. २०८ किलोमीटरचा डावा कालवा सुमारे ६९ सेंटीमीटरचा आणि १३२ किलोमीटरचा उजवा कालवा ४४ सेंटीमीटरचा होतो. मीटरला ६० दिव्यांची पट्टी घेतल्यास अनुक्रमे साधारण ४२ आणि २६ दिवे लागतील. उजव्या कालव्याचे बटण दाबले की उजेड पैठणहून सरकत माजलगावच्या धरणापर्यंत जाईल. आपली मते कळवावीत.

प्रतिसाद: सॉफ्टवेअर अभियंता, छत्रपती संभाजीनगर

सर, आपल्या स्तंभाची कल्पना मला मनापासून आवडली, तरीही निष्कर्ष पटला नाही. विद्यार्थ्यांनी काय घडवले हे लाकूड आणि सोल्डरिंग यांवरूनच का ठरवावे? पडद्यावरील संवादाची रचना, माहितीची मांडणी आणि स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद हीही घडणच आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीत आज बहुधा त्याचीच विचारणा होते. शिवाय दिव्यांचा नकाशा एकदा केला की केला. पुढच्या वर्षी शिक्षकांना पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे दाखवावीशी वाटली, तर प्लायवूडला नवी भोके पाडणार कोण? पडद्यावर तेच काम एका दुपारचे आहे. तिसरा मुद्दा मजकुराचा. दिव्यांच्या लहान जाळीवर देवनागरी जोडाक्षरे नीट वाचता येत नाहीत; पडद्यावर ‘सिद्धेश्वर’ हे नाव जसे पुस्तकात असते तसेच दिसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट मुलांना बटण आणि दिवा यांनी कशी सांगणार? तिला चित्र हवे, आवाज हवा.

प्रतिसाद: शिल्पनिदेशक, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, लातूर

दोन्ही बाजूंनी फलक तयार होईल त्या दिवसापर्यंतचाच विचार झाला आहे, ही माझी हरकत आहे. विद्यार्थी जूनमध्ये बाहेर पडतात आणि फलक मात्र शाळेत राहतो. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, धुळीत तो कसा टिकेल याचा आराखडा आधी करावा.

टचस्क्रीनबद्दल सांगतो. टीव्हीभोवती बसवायची इन्फ्रारेड चौकट स्वस्त पडते, पण तिच्या कडेला धूळ साचली की किरण अडतात आणि न दाबताच कळ दाबल्यासारखे होते. शाळेत ती रोज पुसणार कोण? दिव्यांचेही सोपे नाही. नकाशा, स्तंभ आणि नद्या धरून दोनशे दिवे होतील. प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे पाच व्होल्टवर १२ अँपिअर. बारीक वायरने एकाच टोकाकडून वीज दिली तर दूरचे दिवे तांबूस, मंद दिसतात. म्हणून जाड वायर घेऊन पट्टीला दोन्ही टोकांकडून वीज द्यावी, आणि प्रत्येक शाखेला वेगळा फ्यूज ठेवावा.

आणखी एक चूक मुले हमखास करतात. दिव्यांना हुकूम देणारा ईएसपी-३२ नियंत्रक ३.३ व्होल्टचा संकेत देतो आणि पाच व्होल्टवरील दिव्याला किमान ३.५ लागतो. टेबलावर चार इंच वायरने सगळे सुरळीत चालते. फलकात वायर लांबली की दिवे वेडेवाकडे लुकलुकू लागतात आणि मुले दोन दिवस प्रोग्राममध्ये दोष शोधत बसतात. मधे ७४एएचसीटी१२५ ही संकेत पाच व्होल्टपर्यंत उंचावणारी चिप घातली की प्रश्न मिटतो.

अ‍ॅक्रिलिकला फलकाच्या रुंदीइतके घट्ट आवळू नये. सव्वा मीटरचा तक्ता तापमान तीस अंशांनी वाढले की सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. भोक स्क्रूच्या मापाचेच असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. मागचा दरवाजा बिजागरीवर असावा, वायरींना क्रमांक असावेत, आणि आतल्या बाजूला जोडणीचा आराखडा प्लास्टिकखाली चिकटवलेला असावा. हे सगळे अंगात भिनण्यासाठी दिव्यांचाच फलक करावा, असे माझे मत आहे. पडदा बिघडला तर तो मेकॅनिककडे जातो. दिवा बिघडला तर विज्ञानाचे शिक्षकही तो बदलू शकतात.

प्रतिसाद: जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, जिंतूर तालुका

पडद्याला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचे कारण बिघाड नाही. पडद्यासमोर एक मूल उभे राहते आणि बाकीची मागून पाहतात. नकाशाभोवती मात्र चार मुले एकाच वेळी चार बटणे दाबू शकतात आणि आपसांत वाद घालतात; तो वाद मला वर्गात हवा आहे. अभियंता सरांची मजकुराबद्दलची शंका रास्त आहे, पण गावांची नावे दिव्यांनी लिहायची गरजच काय? पेंटरकडून नकाशावर ठळक लिहून घ्यावीत. लातूरच्या पाण्याची गोष्ट मी सांगेन, शिक्षक कशासाठी आहेत?

माझा आग्रह एकच: आजचा साठा इंटरनेटवरून आपोआप येऊ नये. पाण्याचा आकडा रोज सकाळी मुलांनी वर्तमानपत्रात शोधावा आणि स्वतः मूठ फिरवून लावावा. आणि बटणे पाचवीच्या मुलाच्या छातीच्या उंचीवर असावीत. मोठ्यांच्या सोयीने बसवलेल्या फलकाकडे लहान मुले हात उंचावूनच राहतात.

प्रतिसाद: सॉफ्टवेअर अभियंता, छत्रपती संभाजीनगर

मॅडम, चार मुलांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि तो वजनदार आहे. तरीही विस्ताराचा माझा प्रश्न अनुत्तरित आहे. नवे धरण जोडायचे ठरले तर काय, याचे उत्तर आराखड्यात असल्याशिवाय मी दिव्यांच्या बाजूने मत देणार नाही.

धागाकर्ता

विस्ताराचे उत्तर देतो. नकाशाचे लाकूड एकसंध न घेता नदीखोऱ्यांनुसार पाच तुकड्यांत करावे आणि प्रत्येक तुकड्याला मागून तीन तारांची स्वतंत्र जोडणी ठेवावी, म्हणजे पूर्णेचा तुकडा पुढच्या वर्षीचा गट नव्याने करून त्या जागी बसवू शकेल. कोणत्या बटणाने कोणते दिवे पेटावेत हे प्रोग्राममध्ये न कोरता वेगळ्या तक्त्यात ठेवावे. हा तक्ता कसा असावा, हे सांगण्याचे काम, सर, आपणच घ्यावे अशी विनंती आहे. आवाजाबाबत मी अजूनही साशंक आहे. वर्गात एकाच वेळी चार बटणांचे निवेदन सुरू झाले तर कोणालाच काही ऐकू येणार नाही, म्हणून तो पहिल्या टप्प्यात घेत नाही.

मॅडमच्या शाळेची संमती असेल तर गट आधी पुठ्ठ्याचा नकाशा घेऊन येईल. बटणांच्या जागी बाटल्यांची झाकणे चिकटवलेली असतील आणि विद्यार्थी मागून टॉर्चने उजेड दाखवतील. मुले कोणत्या झाकणाकडे आधी हात नेतात, कुठे थांबतात आणि काय विचारतात, याची नोंद होईपर्यंत दिव्यांची आणि अडॅप्टरची खरेदी मी थांबवून ठेवली आहे.