‘म’च्या पिशवीत मिरची चालेल का?

मीठमोहरी
माझी लेक साडेतीन वर्षांची. महिनाभर झाला, जेवणं आटोपली की आम्ही पिशवीचा खेळ खेळतो. कापडी पिशवीत घरातल्याच पाच-सहा वस्तू, सगळ्यांच्या नावाची सुरुवात एकाच आवाजाने. परवा ‘म’ होता. मका, मणी, मसाल्याची डबी, मिरची, मेथीची काडी. ती हात घालून वस्तू काढते, नाव घेते आणि आम्ही दोघी ओठ मिटून ‘म्म्म’ करतो. मिरची निघाल्यावर ती म्हणाली, “ही म ची नाही, मि ची आहे.”

मी दोन दिवस याच वाक्यावर विचार करतेय. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. ‘डब्ल्यू’ म्हणायचं आणि वाचायचं ‘व’. म्हणून तिथे आवाज वेगळा शिकवावा लागतो. आपल्याकडे ‘म’चं नाव म आणि आवाजही म, पण त्याच्या पोटात ‘अ’ बसलेला आहे. लहान मूल तो ‘अ’ सोलून काढत नाही, त्याला अख्खं अक्षर ऐकू येतं. म्हणून माझं मत असं, की सुरुवातीचे काही महिने मका, मणी, मगर, मडकं एवढंच घ्यावं. मिरची-मेथी बाराखडीच्या वेळी. आणि तोवर हातात पेन्सिल देऊ नये.

पाटीपेन्सिल
३१ वर्षं पहिलीचा वर्ग घेतला, त्या अनुभवावरून सांगते, हे मला पटत नाही. आपली वर्णमाला म्हणजे मुळात आवाजांचाच तक्ता आहे. क ख ग घशाकडून निघतात, मग टाळू, मूर्धा (टाळूचा वरचा, घुमटासारखा भाग), दात, आणि शेवटी प फ ब भ म ओठांवर. मुलाला आरशासमोर उभं करून ही शेवटची ओळ म्हणायला लावा, पाचही वेळा ओठ मिटताना त्याला दिसतात. हे पिशवीतून कसं कळणार?

वाचायला मात्र आम्ही क ख ग ने कधीच सुरुवात केली नाही. आधी ग म भ न. चौघांनाही उभा दंड, त्यामुळे हात वळतो, आणि लगेच मन, मग, नभ, गगन असे शब्द तयार होतात. पेन्सिल नको म्हणता, मान्य. पण बोट तर आहे ना? पूर्वी मुलं धुळाक्षरं गिरवायची. ताटात रवा पसरा आणि तोंडाने म म्हणत बोटाने म काढू द्या. आवाज, आकार आणि हात यांची फारकत केलीत तर मूल खेळात हुशार होईल आणि वाचनात अडेल. अशी मुलं मी पाहिली आहेत.

दोन भाषांचा बाबा
मी उलट्या बाजूने विरोध करतो. ‘म्’ पहिल्यापासून सुटा करूनच ऐकवावा. आमचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो. तिथे ए-बी-सी-डी च्या क्रमाने न जाता आधी स्, ॲ, ट्, इ, प्, न् हे आवाज घेतले. सापासारखा हात हलवत ‘स्स्स’. घरी आम्ही सवयीने ‘सअ’, ‘टअ’ म्हणायचो. तो जोडायला बसला की ‘सअ-ॲ-टअ’ व्हायचं, ‘सॅट’ काही यायचं नाही. आम्ही तो अ गिळायला शिकलो आणि आठवडाभरात जमलं.

मराठीतही याचा उपयोग होतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, बोलताना मात्र क् आधी आणि इ नंतर. आवाज सुटे ऐकू येणारं मूल तिथे गोंधळत नाही.

मीठमोहरी
इंग्रजीपुरतं पटलं. पण म् आणि स् लांबवता येतात, प् आणि ट् धरून ठेवता येत नाहीत, ओठ उघडला की मागोमाग काहीतरी स्वर येतोच. साडेतीन वर्षांच्या कानाला ते किती कठीण! शिवाय ‘घर’ वाचताना घ, र म्हटलं की शेवटच्या र चा अ आपोआप गळतो. तो गाळायला कुणी शिकवत नाही. घर हा शब्द तिच्या ओळखीचा आहे, एवढं पुरतं.

भेंडीवाली
नाव-गाव-फळ-फूल आठवा. ‘म’ आला की मीरा, मिरज, मोसंबी, मोगरा लिहायचो. मिरज ‘मि’चं म्हणून कुणी गुण कापले नाहीत. गाण्याच्या भेंड्यांतही तेच. मिरची राहू द्या पिशवीत.

मीठमोहरी
तो खेळ आपण लिहिता-वाचता येऊ लागल्यावर खेळलो. डोळ्यासमोर लिहिलेला म होता, म्हणून मी, मि, मो एकाच घरातले वाटले. माझ्या लेकीसमोर फक्त आवाज आहे.

वऱ्हाडातली ताई
माझी अडचण वेगळीच आहे. अंगणवाडीत २८ लेकरं, भिंतीवर एक तक्ता. त्यात ण बाणाचा, ळ बाळाचा. ण किंवा ळ ने सुरू होणारा शब्दच मराठीत नाही, म्हणजे पहिल्या आवाजाचा खेळ तिथे बंद. त्यातून आमची लेकरं डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, केळीला ‘केयी’, पाण्याला ‘पानी’. पिशवीतून केळी काढून लेकरू ‘केयी’ म्हणालं तर ते चुकलं का? एका लेकराला असं सगळ्यांसमोर टोकलं गेलं होतं. पुढचे कितीतरी दिवस ते खेळायला गोलात बसलंच नाही.

आता मी दोन्ही शब्द घेते. “आपल्या घरी डोया, पुस्तकात डोळा.” लेकरं हसतात आणि दोन्ही म्हणतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य होतं. मीही तेच वापरते. पण वस्तू गावची आणि तिचं नाव तक्त्याचं, असं झालं तर काय उपयोग? षटकोनाचा ष आणि ऐरणीचा ऐ कोणत्या लेकराच्या तोंडात आहे?

पाटीपेन्सिल
ताई, तुमचं बरोबर आहे, टोकणं हा गुन्हाच. पण मीठमोहरी, तुम्हाला विचारते, ‘च’च्या पिशवीत काय ठेवणार? चमच्याचा च आणि चंद्राचा च कानाला एक नाहीत. लिहायला मात्र एकच च. कानाच्या भरवशावर गेलात तर इथे मूल अडणार. म्हणून मी अक्षर बरोबरीने द्या म्हणते.

मीठमोहरी
बाई, काल तुमच्या प्रश्नासाठीच च ची पिशवी केली. चमचा, चप्पल, खेळण्यातल्या गाडीचं चाक, चिंच, चहाची पुडी, चिमटा. काही न सांगता नुसतं म्हटलं, सारखे वाटतील ते एकत्र ठेव. चप्पल आणि चाक एकीकडे, चिंच आणि चहा दुसरीकडे. चमचा हातात घेऊन दोन्हीकडे नेला, दोनदा पुटपुटली, मग चपलेजवळ ठेवला. चिमटा चिंचेजवळ.

अक्षर मी अजून दाखवलेलं नाही. दोन ढिगांना एकच च कसा, हे तिला कसं सांगायचं ते मला सुचत नाहीये, हे कबूल. रव्याचं ताट मात्र आजपासून घेतेय, म साठी.

ताई, ळ साठी पहिल्या आवाजाचा हट्ट सोडून देऊया. गोष्ट सांगताना ळ ऐकू आला की टाळी, असं करून बघता का? माळ, नळ, फळा, गूळ. आणि माय, गूय म्हणणाऱ्यांचीही टाळी धरायची.

वऱ्हाडातली ताई
सोमवारी करते. गूळ-फुटाणे नेते सोबत.