शब्दचर्चा : ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, ‘बॅकग्राउंड चेक’ आणि ‘मास शूटिंग’ यांना मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न

वॉशिंग्टन येथील नेव्ही यार्ड या नौदलाच्या आवारात १६ सप्टेंबर २०१३ रोजी सकाळी झालेल्या गोळीबारावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. हल्लेखोर नौदलाच्या राखीव दलात चार वर्षे राहिलेला आणि नंतर एका कंत्राटदार कंपनीत संगणकाचे काम करणारा माणूस होता. त्याने १२ जणांचे प्राण घेतले आणि अखेर तो पोलिसांच्या गोळीने मेला. त्यानंतर अमेरिकेत दोन प्रश्न एका दमात विचारले गेले. अशा माणसाला सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय माहिती हाती देण्यास तो योग्य आहे असा सरकारचा निर्णय) मिळालेच कसे, आणि त्याला दुकानातून बंदूक मिळाली कशी? मराठी बातम्यांत या संदर्भात ‘सुरक्षा मंजुरी’, ‘पार्श्वभूमी तपासणी’, ‘सामूहिक गोळीबार’ आणि ‘बंदूकबंदी’ हे शब्द आढळतात. लिहिताना मात्र या प्रत्येक शब्दापाशी माझी लेखणी अडते. हे शब्द जसेच्या तसे वापरावेत का?

प्रतिसाद

चारही शब्द रूढ आहेत, पण या विषयात ते वाचकाला चुकीच्या दिशेला नेतात असे माझे स्पष्ट मत आहे.

‘सामूहिक गोळीबार’ प्रथम घेतो, कारण त्यातली चूक लगेच दाखवता येते. मराठीत ‘सामूहिक’ हे विशेषण बहुधा करणाऱ्यांची संख्या सांगते. सामूहिक बलात्कार, सामूहिक राजीनामे, सामूहिक कॉपी यांत कृती अनेकांनी मिळून केलेली असते. त्यामुळे ‘सामूहिक गोळीबार’ वाचणाऱ्याच्या मनात टोळी उभी राहते. नेव्ही यार्डच्या बाबतीत तर हा वस्तुस्थितीचाच विपर्यास ठरतो, कारण त्या दिवशी पोलीस बराच वेळ आणखी संशयित हल्लेखोरांच्या शोधात होते आणि गोळ्या झाडणारा एकटाच होता हे उशिरा स्पष्ट झाले. ‘अंदाधुंद गोळीबार’ हा वृत्तपत्रांचा आवडता शब्द आहे, पण तो गोळ्या कशा झाडल्या एवढेच सांगतो. अंदाधुंद गोळीबारात एकही माणूस दगावला नाही अशी बातमीही आपण वाचतो. आपल्या लेखात ‘एकट्या बंदूकधाऱ्याने केलेले हत्याकांड’ असे एकदा पूर्ण लिहून पुढे ‘हत्याकांड’ एवढेच म्हणावे. जाता जाता एक विनंती. त्या १२ जणांत मूळचे मुंबईचे एक गृहस्थही होते. मृतांसाठी ‘ठार’ हा शब्द वापरू नये, तो फार तर हल्लेखोरासाठी ठेवावा. मराठीत ‘ठार’ या शब्दाला चकमकीचा वास आहे, आणि ही माणसे सोमवारी सकाळी आपल्या कचेरीत कामाला बसलेली होती.

आता ‘सुरक्षा मंजुरी’. मंजुरी रजेला, कर्जाला, इमारतीच्या आराखड्याला मिळते. ती माणसाला मिळाली असे आपण म्हणत नाही. क्लिअरन्स हा तर माणसाविषयीचाच निर्णय आहे. गोपनीय माहिती याच्या हाती दिली तर तो तिचा गैरवापर करणार नाही, असे सरकारने त्याच्या पूर्वायुष्यावरून काढलेले ते अनुमान असते. ‘सुरक्षा-निर्वाळा’ हा शब्द सुचतो आणि तो कानाला गोडही आहे, पण निर्वाळ्यात एक ठामपणा आहे. वैद्याने रोग नाही असा निर्वाळा दिला की विषय संपतो, आणि येथे विषय संपत नाही हेच तर या घटनेने दाखवून दिले. हल्लेखोराला मार्च २००८ मध्ये ‘सीक्रेट’ दर्जाचे क्लिअरन्स मिळाले होते. त्या दर्जाची फेरतपासणी तेव्हा दहा वर्षांनी होत असे, आणि म्हणून २०११ मध्ये राखीव दल सोडल्यावरही त्याला खासगी कंपनीच्या नोकरीत तेच क्लिअरन्स चालले. मधल्या काळात त्याचे आयुष्य कोठून कोठे गेले याची दखल त्या निर्णयात घेतलीच जात नव्हती. म्हणून मी ‘गोपनीयता-पात्रता’ असे सुचवतो. पात्रता एका दिनांकाला ठरते आणि ती पुढे नाहीशीही होऊ शकते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय अमेरिकन नियमांतही पात्रता आणि प्रत्यक्ष माहिती हाती पडणे यांत फरक आहे. पात्र ठरलेल्या माणसालाही कामापुरतीच माहिती मिळते.

या पात्रतेची गल्लत प्रवेशपत्राशीही होते. हल्लेखोर त्या सकाळी इमारत क्रमांक १९७ मध्ये शिरला तो त्याच्याकडच्या वैध ओळखपत्रावर. आखूड केलेली शॉटगन त्याने पिशवीतून आत नेली होती. तेथे ओळखपत्र पाहिले जात होते, कर्मचाऱ्यांच्या पिशव्या सरसकट उघडून पाहिल्या जात नव्हत्या. त्यामुळे ‘त्याने सुरक्षा तपासणी पार केली’ असे वाक्य लेखात आले तर वाचकाला विमानतळावरचे यंत्र आठवेल, आणि तसे काहीच तेथे घडले नव्हते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटण्यासारखे असले तरी एक आक्षेप नोंदवतो. भाषेत शब्द रुळतात ते लोकांच्या तोंडी बसतात म्हणून, ते नेमके आहेत म्हणून नव्हे. ‘बॅकग्राउंड चेक’ हा शब्द आज पुण्यामुंबईतला प्रत्येक नोकरदार वापरतो. कंपनीत रुजू होण्यापूर्वी तो होतो, भाडेकरू ठेवतानाही होतो. मग ‘पार्श्वभूमी तपासणी’ तरी कशाला? देवनागरीत ‘बॅकग्राउंड चेक’ लिहावे आणि पुढे जावे. प्रत्येक इंग्रजी शब्दाला नवा संस्कृत प्रतिशब्द घडवला तर लेख वाचणार कोण?

प्रतिसाद

आक्षेप रास्त आहे आणि एरवी मीही हाच सल्ला दिला असता. ‘क्लिअरन्स’ हा शब्द देवनागरीत ठेवण्यास माझी हरकत नाही. ‘गोपनीयता-पात्रता’ एकदा समजावून सांगावी आणि पुढे वाटल्यास ‘क्लिअरन्स’ लिहावे. ‘बॅकग्राउंड चेक’विषयी मात्र मी आग्रही आहे, कारण या प्रकरणात तो एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला जातो आणि लोकांच्या प्रश्नांतला बराचसा गोंधळ त्यातूनच उद्भवला.

पहिली गोष्ट म्हणजे क्लिअरन्सपूर्वीची चौकशी. तीत उमेदवाराकडून एक लांबलचक प्रपत्र भरून घेतात, त्याच्या नोकऱ्या, पत्ते, कर्जे, अटक, उपचार यांविषयी विचारतात आणि चौकशी अधिकारी कागदपत्रे मिळवून अहवाल लिहितो. दुसरी गोष्ट म्हणजे बंदूक विकताना दुकानदाराने करायची विचारणा. १९९३ च्या ब्रेडी कायद्यानुसार १९९८ पासून एफबीआयची एक यंत्रणा ती विचारणा हाताळते. ग्राहकाचे नाव ज्यांना बंदूक विकण्यास मनाई आहे अशा लोकांच्या नोंदींत आहे का, एवढेच तेथे पाहिले जाते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर मिळते. कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत नाही, कोणी घरी येत नाही. ‘दोन्ही बॅकग्राउंड चेक पार करूनही तो हत्यार घेऊन आत गेला’ हे वाक्य तेव्हा अनेकांनी उच्चारले, पण या दोन तपासण्या एकमेकींना पूरक नव्हत्या आणि एकीला दुसरीची खबरही नव्हती. म्हणून पहिलीला ‘पूर्वचरित्र चौकशी’ म्हणावे. आपल्याकडे सरकारी नोकरीसाठी ‘चारित्र्य पडताळणी’ हा शब्द आहेच, त्यामुळे वाचकाला ती परकी वाटणार नाही. दुसरीला ‘नोंद पडताळणी’ म्हणावे, कारण तेथे केवळ नोंदी पाहतात.

या दोन्हींत काय निसटले तेही पाहण्याजोगे आहे. २००४ मध्ये सिअॅटलमध्ये या माणसाने रागाच्या भरात एका बांधकाम कामगाराच्या मोटारीच्या टायरांवर गोळ्या झाडल्या आणि त्याला अटक झाली. त्याच्यावर खटला मात्र चाललाच नाही. नौदलात भरती होताना झालेल्या पूर्वचरित्र चौकशीच्या अहवालात या घटनेची नोंद होती, पण त्याने टायरांमधली हवा काढली, अशी. बंदुकीचा उल्लेखच नव्हता, कारण चौकशी करणाऱ्याने पोलिसांचा मूळ अहवाल पाहिलेला नव्हता. ‘गोळ्या झाडल्या’ आणि ‘हवा काढली’ या दोन क्रियापदांमधले अंतर किती मोठे आहे हे आपण शब्दचर्चा करणाऱ्यांनी तरी लक्षात घ्यावे. ही चौकशी ज्या यूएसआयएस या खासगी कंपनीने केली, तिनेच २०११ मध्ये एडवर्ड स्नोडेन याचीही, म्हणजे पुढे अमेरिकेची गोपनीय कागदपत्रे फोडणाऱ्या माणसाचीही, चौकशी केली होती. पुढे अमेरिकेच्या न्याय खात्याने या कंपनीवर असा आरोप ठेवला की २००८ ते २०१२ या काळात तिने किमान ६ लाख ६५ हजार चौकश्या अपुऱ्या असतानाच पूर्ण म्हणून धाडल्या, आणि २०१५ मध्ये कंपनीने किमान ३ कोटी डॉलरवर तडजोड केली. त्या सुमारास अमेरिकेत सुमारे ५० लाख लोक क्लिअरन्सधारक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या घाईचे कारण कळते. ते कारण मला क्षम्य मात्र वाटत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

‘पूर्वचरित्र चौकशी’ आणि ‘नोंद पडताळणी’ हे दोन्ही शब्द मी स्वीकारतो. आता ‘बंदूकबंदी’विषयी विचारतो. हल्लेखोराला गोळीबारापूर्वी काही आठवडे भास होत होते असे वाचले. मग त्याला ‘बंदूक परवाना’ कसा मिळाला, असे लेखात लिहिणे योग्य होईल का?

प्रतिसाद

त्या वाक्यातला ‘परवाना’ काढावा लागेल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार कायदा ‘नाही’पासून सुरू होतो. बंदूक बाळगायची असेल तर अर्ज करावा लागतो, गरज दाखवावी लागते, पोलिसांचा अहवाल जातो आणि मग जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त परवाना देतात अथवा नाकारतात. अमेरिकेत कायदा ‘होय’पासून सुरू होतो. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आणि २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा हेलर खटल्यातला निकाल (तो वॉशिंग्टनच्याच एका कायद्यासंबंधी होता) यांनुसार घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे, आणि तो नाकारायचा तर सरकारला कारण दाखवावे लागते. हल्लेखोराने १४ सप्टेंबर रोजी, म्हणजे घटनेच्या दोन दिवस आधी, व्हर्जिनियातील लॉर्टन येथील दुकानातून ती शॉटगन घेतली. त्यासाठी परवान्याची गरज नव्हती, नोंद पडताळणी झाली आणि तीत काहीच आढळले नाही. याच कारणाने ‘बंदूकबंदी’ हा शब्दही टाळावा. ज्याला अमेरिकेत ‘गन कंट्रोल’ म्हणतात त्यात सरसकट सर्व बंदुकांवर बंदीची मागणी क्वचितच असते. ‘बंदूक नियमन’ हा शब्द सरळ आणि पुरेसा आहे.

भासांचा मुद्दा खरा आहे. ७ ऑगस्ट २०१३ रोजी ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे त्याने स्वतःच पोलिसांना बोलावून सांगितले की आपल्याला भिंतींतून आवाज ऐकू येतात आणि काही लोक यंत्राने लहरी सोडून आपल्याला झोपू देत नाहीत. न्यूपोर्ट पोलिसांनी ही माहिती तेथील नौदल तळाला कळवली, पण ती तेथेच राहिली. कंत्राटदार कंपनीने त्याला थोडा काळ कामापासून दूर ठेवून पुन्हा घेतले आणि नौदलाला कळवले नाही. त्याच महिन्यात तो माजी सैनिकांच्या दोन रुग्णालयांत निद्रानाशाची तक्रार घेऊन गेला. यांपैकी कशानेही तो बंदूक खरेदीस अपात्र ठरत नव्हता, कारण १९६८ च्या संघीय कायद्यानुसार मनाई लागू होते ती न्यायालयाने अथवा तशा प्राधिकरणाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेल्या किंवा मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केलेल्या माणसाला. आपल्या लेखात ‘मनोरुग्णाला बंदूक विकली’ असे वाक्य येऊ देऊ नये, अशी माझी कळकळीची सूचना आहे. ते कायद्याच्या दृष्टीने चूक आहे, आणि ज्यांना उपचारांची गरज आहे त्यांना ते उपचारांपासून दूर ढकलते. क्लिअरन्सच्या प्रपत्रात उपचारांविषयीचा प्रश्न असल्यामुळे नोकरी जाण्याच्या भीतीने लोक डॉक्टरकडे जाणे टाळतात, ही अडचण अमेरिकन संरक्षण खात्यातही वर्षानुवर्षे बोलली गेली आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहावी. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये नोंद पडताळणी शस्त्रप्रदर्शने आणि इंटरनेटवरील विक्रीलाही लागू करण्याचा प्रस्ताव आला होता. त्याला ५४ मते मिळाली आणि ६० हवी होती. नेव्ही यार्डनंतर त्याची पुन्हा आठवण काढली गेली, पण येथे बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडून आणि पडताळणी होऊनच घेतलेली होती, त्यामुळे तो प्रस्ताव संमत झाला असता तरी ही विक्री अडली नसती. क्लिअरन्सच्या बाजूने मात्र बदल झाले. मार्च २०१४ मध्ये संरक्षण खात्याच्या चौकशी अहवालांनी सतत फेरतपासणीची शिफारस केली आणि पुढे ती पद्धत अमलात आली. तिला ‘अखंड पडताळणी’ म्हणता येईल.

अखेरचा शब्द आपण विचारलेला नाही, पण लेखात तो लागेल. ज्याच्याकडून धोका दिसतो अशा माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने काही काळ काढून घेण्याचे कायदे अमेरिकेत ‘रेड फ्लॅग’ म्हणून ओळखले जातात. कनेक्टिकटमध्ये असा कायदा १९९९ पासून आहे, ऱ्होड आयलंडने तो २०१८ मध्ये आणि व्हर्जिनियाने २०२० मध्ये केला. म्हणजे न्यूपोर्टच्या पोलिसांपाशी २०१३ मध्ये ते साधन नव्हते. ‘लाल निशाण कायदा’ हे भाषांतर मराठीत संपाची आणि मोर्चाची आठवण करून देते. ‘शस्त्रजप्ती’ म्हटले तर गुन्हा घडल्यासारखे वाटते, आणि येथे तो घडू नये म्हणूनच आदेश असतो. निवडणूक लागली की आपल्याकडे पोलीस परवानाधारकांना शस्त्रे ठाण्यात जमा करण्यास सांगतात आणि कोणीही त्यांना गुन्हेगार मानत नाही. त्याच वापरावरून ‘तात्पुरता शस्त्र-जमा आदेश’ असे लिहावे, असे मी सुचवतो.