फॅमिली डॉक्टर रिटायर होतायत, दवाखाना कंपनीने घेतलाय, मेंबरशिप घ्यावी का? (ऑन्टॅरिओ, कॅनडा)

मेघना_किचनर

नमस्कार मंडळी, आम्ही किचनरला राहतो. आमचे फॅमिली डॉक्टर रिटायर होतायत, तसं पत्र घरी आलंय, आणि दवाखाना बंद न होता एका कंपनीकडे जातोय, नाव लिहीत नाही. घरात सासूबाई आहेत, पीआर (कायम रहिवासी) आहेत त्यामुळे ओहिप, म्हणजे प्रांताचा सरकारी आरोग्य विमा आहे, त्यांना डायबेटिस आणि बीपी दोन्ही, आणि धाकट्याला दमा. आत्तापर्यंतच्या डॉक्टरना सासूबाईंची कुठली गोळी कधी बदलली, कशाने चक्कर आली होती हे सगळं तोंडपाठ होतं, सासूबाईंना इंग्रजी जेमतेम येतं तरी त्यांचं दोघांचं बरोबर जमायचं.

आता म्हणे आधी ॲपवर नंबर लावायचा, जो डॉक्टर मोकळा असेल तो बघणार, आणि एका वेळी एकच तक्रार सांगायची. डायबेटिसच्या माणसाला एकच तक्रार कशी असेल हो? पाय बधिर होतात, डोळ्याला कमी दिसतं, साखर वर जाते, सगळं एकात एक अडकलेलं असतं. काउंटरवर विचारलं तर सांगितलं की वार्षिक मेंबरशिप घ्या, मग ठरलेली नर्स प्रॅक्टिशनर (जादा शिकलेली, तपासून औषध लिहून देऊ शकणारी नर्स) मिळेल, त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट आणि अर्धा तास वेळ. फी माणशी काही शे डॉलर. नवरा म्हणतो भरून मोकळं होऊ, मला पटत नाहीये, कॅनडात डॉक्टरकडे जायला पैसे द्यायचे नसतात असंच आपण इतकी वर्षं ऐकत आलो ना? हे कायद्यात बसतं का, आणि दुसरा डॉक्टर मिळवायचा खरा मार्ग काय? हेल्थ केअर कनेक्टला, म्हणजे डॉक्टर शोधून देणाऱ्या सरकारी यादीत, नाव टाकलंय पण अजून कोणाचा फोन नाही.

सह्याद्री_हॅमिल्टन

मेघनाताई, घाईने पैसे भरू नका. कायद्याचं आधी सांगतो. कॅनडा हेल्थ ॲक्ट १९८४ चा, त्यात वैद्यकीयदृष्ट्या गरजेच्या डॉक्टरी सेवेसाठी पेशंटकडून वर पैसे घेतले तर केंद्र सरकार तेवढेच पैसे प्रांताच्या अनुदानातून कापतं. ऑन्टॅरिओचा स्वतःचा २००४ चा कायदा आहे, त्यात ओहिपमध्ये बसणाऱ्या सेवेसाठी फी घेणं किंवा पैसे देणाऱ्याला रांगेत पुढे घेणं मना आहे. डॉक्टर वार्षिक फी घेऊ शकतो, पण ती सिक नोट, फॉर्म भरणं, ट्रॅव्हलचं सर्टिफिकेट असल्या ओहिपबाहेरच्या कामांसाठी, आणि ती भरली नाही म्हणून तपासायला नकार देता येत नाही.

मग ही मेंबरशिप कशी चालते? तर नर्स प्रॅक्टिशनरला ओहिपकडे थेट बिल पाठवता येत नाही आणि जुना कायदा डॉक्टरांबद्दल बोलतो, म्हणून कंपन्यांनी काउंटरवर डॉक्टरऐवजी नर्स प्रॅक्टिशनर उभी केली आणि फी लावली. काम तेच. ही फट बुजवायला तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री मार्क हॉलंड यांनी जानेवारी २०२५ मध्ये प्रांतांना पत्र काढलं, की जे काम डॉक्टरने केलं तर विम्यात बसतं ते नर्स प्रॅक्टिशनरने केलं तरी त्याचे पैसे घेणं म्हणजे जादा आकारणीच, आणि त्यासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. तेव्हा तुमच्याकडून नेमके कशाचे पैसे घेतायत ते त्यांच्याकडून लेखी मागा. तोंडी सांगतील ते धरू नका. लेखी आलं आणि त्यात तपासणीची फी दिसली तर सरळ प्रांताच्या आरोग्य मंत्रालयाकडे तक्रार करता येते.

ठाणेकर_मिसिसागा

कायदा सगळा बरोबर आहे पण मी स्पष्ट सांगतो, आम्ही पैसे भरले आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. बायको प्रेग्नंट होती, फॅमिली डॉक्टर नाही, वॉक-इनला (अपॉइंटमेंट न घेता जायच्या दवाखान्यात) पहाटे जाऊन रांगेत उभं राहायचं आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचं. इमर्जन्सीत गेलं तर आठ-आठ तास. तत्त्वासाठी माणसाने घरच्यांचे हाल किती करायचे? ज्याला परवडतं त्याने भरले तर सरकारी रांगेतला एक माणूस कमीच होतो ना.

डॉ_नाही_अजून

ठाणेकर, तुमचा त्रास खरा आहे, वहिनींच्या जागी मी असते तर कदाचित हेच केलं असतं. पण रांगेतला माणूस कमी होतो हे चूक आहे आणि ते मी रोज बघते. मी पुण्यात एमबीबीएस केलंय, इथे अजून लायसन्स नाही, त्यामुळे एका क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कला काम करते. नर्स प्रॅक्टिशनर काही आकाशातून पडत नाहीत, त्या सरकारी पगाराच्या टीममधून उठून मेंबरशिपवाल्या ठिकाणी जातात, म्हणजे तिकडची रांग लांबते. माणसं तेवढीच आहेत, फक्त ती पैसे भरणाऱ्याच्या बाजूला सरकतात.

मेघना, एक तक्रारवाला नियम का येतो ते सांगते. वॉक-इनमध्ये डॉक्टरला दर तपासणीमागे चाळीसेक डॉलर मिळतात, मग सर्दी असो नाहीतर सासूबाईंसारखी पाच दुखणी एकत्र असोत. त्यातला ठराविक टक्का जागा, स्टाफ आणि सॉफ्टवेअरचा म्हणून क्लिनिकच्या मालकाला जातो. आता मालक तोच डॉक्टर असेल तर तो एखाद्या म्हाताऱ्या बाईंना वीस मिनिटं देऊन स्वतःचं नुकसान सोसू शकतो आणि पुष्कळ जण सोसतातही. मालक कंपनी असेल तर ते शेड्यूल वरून येतं, डॉक्टरच्या हातात राहत नाही. माझ्या मते खरा फरक इथे पडतो. कारण इथला फॅमिली डॉक्टर आधीपासून खाजगीच आहे, तो सरकारी नोकर कधीच नव्हता, स्वतःची प्रॅक्टिस चालवून ओहिपला बिल पाठवणारा माणूस आहे. म्हणून "खाजगी आलं, खाजगी आलं" एवढं म्हणून भागत नाही, पेशंटला किती वेळ द्यायचा हे कोण ठरवतं ते बघायला हवं.

आणि तरुण डॉक्टर प्रॅक्टिस विकत का घेत नाहीत? भाडं, स्टाफचे पगार, त्यात फॉर्म, रिपोर्ट, रेफरल, इन्शुरन्सची पत्रं. ऑन्टॅरिओच्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलेला आकडा आहे, आठवड्याला १९ तास नुसत्या कागदपत्रांत जातात. हे बघून पोरं फॅमिली मेडिसिनकडे वळत नाहीत, २०२३ च्या रेसिडेन्सी मॅचच्या, म्हणजे नव्या डॉक्टरांना ट्रेनिंगच्या जागा वाटतात त्याच्या, पहिल्या फेरीत देशभरात फॅमिली मेडिसिनच्या अडीचशेहून जास्त जागा रिकाम्या राहिल्या. मग म्हातारा डॉक्टर रिटायर होताना प्रॅक्टिस फुकट देतो म्हटलं तरी कोणी घेत नाही, आणि कंपनी येते. दुसरीकडे आमच्यासारखे बाहेरून शिकून आलेले परीक्षा देत बसलेत. प्रॅक्टिस रेडी ऑन्टॅरिओ म्हणून २०२३ पासून एक चांगली वाट झाली आहे, अनुभवी डॉक्टरला १२ आठवडे देखरेखीखाली तपासतात आणि मग ग्रामीण किंवा उत्तर भागात तीन वर्षं काम करायचं, पण जागा थोड्या आणि अर्ज करणारे खूप.

बेळगावकर_सू_सेंट_मेरी

आमच्या गावाचं सांगतो कारण सगळा दोष कंपन्यांवर ढकलला तर निम्मी गोष्ट सुटते. सू सेंट मेरीला ग्रुप हेल्थ सेंटर आहे, १९६३ साली इथल्या स्टील कामगारांच्या युनियनने कामगारांच्या वर्गणीतून उभं केलं. म्हणजे मेडिकेअर, हा सरकारी आरोग्य विमा, देशभर यायच्या आधी, सस्कॅचवानमध्ये सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि तिथे डॉक्टरांनी त्याविरुद्ध २३ दिवस संप केला होता, त्या काळात लोकांनी स्वतःचा दवाखाना बांधला. कोणा कंपनीचा नाही, नफा नाही, डॉक्टर, नर्स, लॅब सगळं एका छताखाली. इतकी वर्षं लोक नावाजायचे. आणि मे २०२४ अखेर त्याच सेंटरने १०,००० पेशंट यादीतून काढले, कारण डॉक्टर रिटायर झाले आणि नवे मिळेनात. ज्यांच्या वडिलांनी पगारातून पैसे कापून ती इमारत उभी केली ते लोक आज इमर्जन्सीत बसतात. माझे शेजारी त्यातलेच, वय ८० च्या वर.

ऑन्टॅरिओतलंच वॉकरटन गाव तर सगळ्यांनी बातम्यांत बघितलं असेल, १५ जानेवारी २०२५, एक नवा डॉक्टर ५०० पेशंट घेणार म्हणून माजी सैनिकांच्या लीजन हॉलच्या बाहेर बर्फात हजाराहून जास्त लोक उभे. उरलेले घरी गेले. पाणीप्रश्नासाठी टँकरमागे धावणारी माणसं आपण गावाकडे पाहिलीत, इथे डॉक्टरसाठी तशी वेळ आली. आधी डॉक्टर आणि नर्स पुरेसे असायला हवेत, ते नसतील तर कोणाच्याही मालकीचा दवाखाना तोकडाच पडणार.

विलेपार्ले_लंडन

आम्ही इंग्लंडमध्ये आहोत, इथलं वेगळं आहे पण हा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आमच्याकडे एटी मेडिक्स म्हणून २००४ मध्ये सहा जीपींनी (इथले फॅमिली डॉक्टर) मिळून काढलेली कंपनी होती, लंडनमधल्या डझनावारी सर्जरी, म्हणजे जीपींचे दवाखाने, त्यांच्याकडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती ऑपरोझला गेली, ऑपरोझ म्हणजे सेंटीन या अमेरिकन इन्शुरन्स कंपनीची. लाखो पेशंटचा मालक बदलला आणि बहुतेकांना पत्ताही नव्हता. इस्लिंग्टनच्या एक काउन्सिलर कोर्टात गेल्या, केस २०२२ मध्ये हरल्या. त्याच वर्षी बीबीसी पॅनोरमाने दाखवलं की या सर्जरींमध्ये पेशंटच्या मानाने जीपी सरासरीपेक्षा बरेच कमी आणि त्यांच्या जागी फिजिशियन असोसिएट (डॉक्टर नसलेले, कमी शिकलेले मदतनीस) जास्त. पुढे २०२३ च्या शेवटी सेंटीनने सगळं दुसऱ्या कंपनीला विकलं. म्हणजे तीन वर्षांच्या आत दोनदा मालक बदलला.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे विकणं. डॉक्टर तीस वर्षं एका गावात राहतो, त्याची मुलं तिथल्याच शाळेत जातात. कंपनीला नफा दिसला नाही की ती निघाली. बॅबिलॉनचंच बघा, ॲपवर जीपी म्हणून केवढा गाजावाजा झाला आणि २०२३ मध्ये कंपनी बुडाली. तिचा कॅनडातला धंदा त्याआधी २०२१ मध्ये टेलसने घेतला होता, तेच तुमचे फोनवाले.

सह्याद्री_हॅमिल्टन

टेलसचं नाव आलंच तर सांगतो, ब्रिटिश कोलंबियात त्यांचा लाइफप्लस नावाचा मेंबरशिप प्रोग्रॅम होता, वर्षाला हजारो डॉलर फी. तिथल्या मेडिकल सर्व्हिसेस कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये कोर्टात मनाई हुकूम मागितला, कारण पैसे देणाऱ्याला फॅमिली डॉक्टर आधी मिळतोय असं त्यांचं म्हणणं होतं, पुढच्या वर्षी समझोता झाला. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर हे अडवता येतं. आणि त्याच प्रांताने फेब्रुवारी २०२३ पासून डॉक्टरला पैसे द्यायची पद्धतच बदलली, पेशंटबरोबर गेलेला वेळ, कागदपत्रांचा वेळ आणि दुखणं किती गुंतागुंतीचं आहे हे सगळं त्यात धरतात. त्यानंतर शेकडो डॉक्टर पुन्हा फॅमिली प्रॅक्टिसकडे वळले. माझं तर ठाम मत आहे की वेळेचे पैसे दिले असते तर निम्म्या दवाखान्यांवर विकायची पाळी आली नसती.

आपल्याकडे ऑन्टॅरिओत माजी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. जेन फिलपॉट यांना २०२४ च्या शेवटी हे काम दिलंय, २०२९ पर्यंत प्रत्येकाला फॅमिली डॉक्टर किंवा टीम, त्यासाठी १.८ अब्ज डॉलर जाहीर झालेत. होतंय की नाही ते बघत राहायला हवं आणि आमदाराला, म्हणजे एमपीपीला विचारत राहायला हवं.

डॉ_नाही_अजून

मेघना, आता कामाचं. १) तुमच्या भागातल्या कम्युनिटी हेल्थ सेंटरला आणि नर्स प्रॅक्टिशनर-लेड क्लिनिकला स्वतः फोन करा. ही नर्स प्रॅक्टिशनर क्लिनिकं सरकारी पैशावर चालतात, फी नाही, पहिलं सडबरीत २००७ मध्ये सुरू झालं. नर्स प्रॅक्टिशनर डायबेटिस अतिशय छान सांभाळतात, त्याला घाबरू नका, फक्त त्यासाठी पैसे देऊ नका. सेंटरवाले पोस्टल कोड विचारतील, ठरलेल्या भागातलेच लोक घेतात. सासूबाईंचं वय, डायबेटिस, भाषेची अडचण हे सगळं स्पष्ट सांगा. २) जुन्या डॉक्टरकडून पूर्ण चार्टची कॉपी आत्ताच मागा, निदान शेवटचे रिपोर्ट, औषधांची यादी आणि मुलाच्या लसी. डॉक्टरला निदान ९० दिवस आधी कळवावं लागतं आणि रेकॉर्ड १० वर्षं ठेवावं लागतं, पण एकदा ते स्टोरेज कंपनीकडे गेलं की मिळवायला वेळही लागतो आणि पैसेही. ३) निघायच्या आधी औषधांची जास्तीत जास्त रिफिल लिहून घ्या. डोळे आलेत, लघवीचं इन्फेक्शन, असल्या किरकोळ गोष्टींना जानेवारी २०२३ पासून फार्मासिस्ट औषध देऊ शकतो, त्यासाठी मेंबरशिप वगैरे काही नको.

मेघना_किचनर

सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्यालाही अख्खा धागा वाचायला दिला. कम्युनिटी हेल्थ सेंटरला फोन केला, आमचा पोस्टल कोड बसतो, सासूबाईंचा फॉर्म घेतलाय, आमच्या बाकीच्यांचं नंतर बघू म्हणाले. चार्टचा अर्ज पण दिला. मेंबरशिप नाही घेत. एकच शंका, नव्या कंपनीच्या क्लिनिकने एक एनरोलमेंट फॉर्म ईमेल केलाय, फुकट आहे, सही करून ठेवू का? तेवढाच आधार म्हणून?

डॉ_नाही_अजून

थांबा, आधी त्यावर कोणत्या डॉक्टरचं नाव आहे ते बघा. सही केली की तुम्ही त्या डॉक्टरच्या यादीत जाता, म्हणजे सरकारच्या हिशेबात तुम्हाला डॉक्टर मिळाला आणि हेल्थ केअर कनेक्टमधला तुमचा नंबर जाऊ शकतो. शिवाय यादीत असताना बाहेरच्या वॉक-इनला गेलात तर त्या डॉक्टरचा बोनस कापला जाऊ शकतो, मग ते नाराजीचं पत्र पाठवतात, कधी यादीतून काढतात. तो डॉक्टर तिथे खरंच रोज बसणार असेल, सासूबाईंना स्वतः बघणार असेल, तर जरूर सही करा, फुकट आहे आणि ओहिपचंच आहे. नुसतं नाव एकाचं आणि तपासणार रोज वेगळाच असं असेल तर सही करू नका, वॉक-इन म्हणून जायला फॉर्म लागत नाही. आणि जुन्या दवाखान्याकडून विचारून घ्या की तुमची जुनी नोंदणी बंद झाली का, कारण ती चालू दिसत असेल तर तुमचा नंबर पुढे सरकणार नाही.