मदत हवी आहे: प्लस मेझमध्ये डायझेपामचाही परिणाम दिसला नाही, आता पुढे काय करावे?

नमस्कार.

मी फार्माकॉलॉजी विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. एका वनस्पतीच्या अर्कात चिंता कमी करण्याचा गुण आहे का, हे मी विस्टार उंदरांवर एलिव्हेटेड प्लस मेझ (जमिनीपासून उंचावर ठेवलेला, अधिक-चिन्हाच्या आकाराचा मार्ग; उंदीर उघड्या भुजांत जास्त वेळ राहिला, तर चिंता कमी मानतात) या चाचणीने तपासत आहे. ज्यांनी ही चाचणी स्वतः केली आहे, त्यांच्याकडून मार्गदर्शन हवे आहे.

एकूण २४ नर उंदीर, प्रत्येकी ६ चे चार गट: व्हेईकल (औषधाविना केवळ द्रावक), डायझेपाम (चिंता कमी करणारे खात्रीचे औषध, तुलनेसाठी), आणि अर्काचे कमी व जास्त असे दोन डोस. डायझेपाम १ मिग्रॅ प्रतिकिलो या प्रमाणात, चाचणीच्या ३० मिनिटे आधी पोटाच्या पोकळीत दिले. मेझ नेहमीच्या मापाचा आहे. दोन भुजा उघड्या, दोन भिंतींच्या, आणि जमिनीपासून उंची ५० सेंमी. प्रत्येक उंदराला मधल्या चौकोनात ठेवून ५ मिनिटे चित्रीकरण केले आणि दोन उंदरांच्या मध्ये मेझ पातळ अल्कोहोलने पुसून कोरडा केला. चित्रफिती पाहून मोजणी करणाऱ्या मैत्रिणीला कोणता उंदीर कोणत्या गटातला आहे, हे सांगितलेले नव्हते.

अडचण अशी, की डायझेपामच्या गटात उघड्या भुजांमधला वेळ व्हेईकल गटाइतकाच आला. अर्काच्या दोन्ही गटांतही फरक नाही. बंद भुजांमधल्या प्रवेशांची संख्या चारही गटांत जवळपास सारखी असल्यामुळे गुंगीने हालचाल मंदावली, असे म्हणता येत नाही. औषधाची मुदत संपलेली नव्हती, आणि त्याच बाटलीतल्या औषधाचा परिणाम प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या नव्या उंदरांवर व्यवस्थित दिसला.

मग मी सगळ्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या. इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे: औषध देण्याच्या दोन दिवस आधी, ‘मूळ पातळी’ कळावी म्हणून, हेच २४ उंदीर मी कोणतेही औषध न देता एकदा मेझवर ठेवले होते. त्या पहिल्या दिवशीच्या चित्रफितींत उंदीर मागचे पाय बंद भुजेतच ठेवून अंग लांबवतात, उघड्या भुजेच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगतात, मागे येतात, पुन्हा जातात. काही जण कडेवरून डोके खाली घालून पाहतातही. दुसऱ्या वेळी हे जवळजवळ नाहीसे झाले आहे. चौकोनात ठेवल्याबरोबर बहुतेक उंदीर सरळ बंद भुजेत वळले, आणि यात डायझेपाम दिलेले उंदीरही आले. ही जागा त्यांना आधीच माहीत झाली होती, असेच ते दृश्य पाहून वाटते.

वाचन करताना ‘वन-ट्रायल टॉलरन्स’ ही संज्ञा सापडली. मेझचा एकदा अनुभव घेतलेल्या उंदरांवर बेंझोडायझेपिन गटातल्या औषधांचा (डायझेपाम याच गटातले) चिंताशामक परिणाम दिसत नाही, असे संशोधक सँड्रा फाइल यांनी १९९० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड या त्याच गटातल्या औषधाच्या संदर्भात मांडले होते. माझ्या प्रयोगात हेच घडले असावे का?

मार्गदर्शकांचे म्हणणे आहे की नवे २४ उंदीर मागवून सगळे पहिल्यापासून करावे. एका सहकाऱ्याने सुचवले की डायझेपामचा गट प्रबंधातून वगळावा आणि अर्क निष्प्रभ आहे एवढेच लिहावे. हे मला मुळीच पटत नाही. पण माझ्या आखणीतल्या चुकीपायी आणखी २४ जीव मागताना हात अडखळतो. आठ आठवडे मी रोज या प्राण्यांना हाताळते आहे. पिंजरा उघडला की ते हाताशी येतात. त्यांचा प्रयोग निदान वाया जाऊ नये, असे वाटते.

म्हणून विचारते: हेच उंदीर काही दिवसांच्या विश्रांतीनंतर लाइट-डार्क बॉक्ससारख्या (उजेडाचा आणि अंधाराचा असे दोन कप्पे असलेली पेटी) दुसऱ्या चाचणीसाठी वापरणे योग्य ठरेल का? आणि हाती असलेल्या आकड्यांचा काही प्रामाणिक उपयोग होऊ शकतो का?

प्रतिसाद १

आपले निदान बरोबर वाटते. पहिल्या खेपेला उंदराच्या मनात नव्या जागेची ओढ आणि उघड्या उंचीची धास्ती यांची ओढाताण चालते, आणि बेंझोडायझेपिन काम करते ते त्या ओढाताणीवर. दुसऱ्या खेपेला कुतूहल उरलेले नसते आणि उघडी भुजा टाळायची हे शिकून झालेले असते. डायझेपाम उंदराच्या शरीरातून काही तासांत निघून जाते, त्यामुळे औषधासाठी विश्रांती देता येते. मेझच्या आठवणीसाठी तशी विश्रांती देता येत नाही.

डायझेपामचा गट कृपया वगळू नका. ज्या चाचणीत खात्रीचे औषधही ओळखू आले नाही, तिच्या आधारे अर्क निष्प्रभ आहे असे म्हणता येत नाही, आणि तो प्रभावी आहे असेही नाही. वगळलेले प्राणी व आकडे कारणासह नोंदवावेत, असे प्राण्यांवरील प्रयोगांच्या अहवालासाठी असलेल्या अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांतही आहे.

तेच उंदीर लाइट-डार्क बॉक्ससाठी वापरायचे झाल्यास केवळ सरावासाठी, म्हणजे प्रकाशाची तीव्रता आणि मोजणीची पद्धत पक्की करण्यासाठी वापरा, तेही प्राण्यांवरील प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी घेऊनच. मुख्य निष्कर्ष त्यावर उभा करू नका.

आता आपला दुसरा प्रश्न. पहिल्या दिवसाचे २४ उंदरांचे आकडे औषधाविना आणि पहिल्याच अनुभवाचे आहेत. आपल्या खोलीत, आपल्या प्रकाशात, आपल्या हाताळणीत उंदरा-उंदरांत किती फरक पडतो, ते यातून थेट कळते. त्यातले प्रमाण विचलन घेऊन प्रत्येक गटाला किती उंदीर लागतील, ते मोजा. गटाला ६ हा आकडा बहुतेक ठिकाणी सवयीने लिहिला जातो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांची संख्या घटवण्याचे जे तत्त्व मांडले, त्यात अपुऱ्या संख्येने प्रयोग करून तो पुन्हा करावा लागणे बसत नाही; हिशेबात ८ किंवा १० आले, तर तेवढेच मागा. नव्या उंदरांची मूळ पातळी मेझवर घेऊ नका, तुलना गटागटांतच करा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. पहिल्या दिवसाचे आकडे मी निरुपयोगी समजून बाजूला ठेवले होते, ते आज पुन्हा काढले. उघड्या भुजांमधल्या वेळेत उंदरा-उंदरांत बराच फरक आहे, त्यामुळे ६ ची संख्या पुरणार नाही हे गणित करण्याआधीच दिसते आहे. समितीला द्यायच्या अर्जात दोन्ही दिवसांचे आकडे आणि मूळ पातळी घेण्यात झालेली चूक स्पष्ट लिहीत आहे. एक शंका अजून आहे: एका पिंजऱ्यात तीन उंदीर राहतात. गट पाडताना एका पिंजऱ्यातले तिघे वेगवेगळ्या गटांत टाकावेत की एकाच गटात? कोणी अनुभवाने सांगू शकेल का?