भुसावळ ते जळगाव एमआयडीसी, कार सोडून बस/रेल्वे + सायकल जमेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी भुसावळला राहतो, नोकरी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत, सकाळी ९ ते ६. चार वर्षं झाली कारनेच जातो, एकटाच. जाऊन येऊन ५० किमीच्या वर होतं, गाडी पंधराचं अॅव्हरेज देते, महिन्याला नऊ हजारांच्या आसपास पेट्रोललाच जातात. पण पैसे हे खरं कारण नाही. मागच्या महिन्यात शुगर बॉर्डरला आली, डॉक्टर म्हणाले रोज तासभर शरीर हलायलाच पाहिजे. आता घरी पोचायला सात वाजतात, मग पोरीचा अभ्यास, आईची औषधं, फिरायला जाऊ कधी? म्हणून म्हटलं जाण्यायेण्यातच व्यायाम बसवावा.

एका रविवारी पहाटे साडेपाचला सायकल काढून पूर्ण रस्ता जाऊन बघितला. साकेगावला वाघूर ओलांडेपर्यंत फार छान वाटलं, गार हवा, मोकळा रस्ता. नशिराबादच्या पुढे उजाडलं तसे ट्रेलर वाढले आणि केळीचा एक ट्रक इतक्या जवळून गेला की हॅन्डल हललं, मी उतरून पाच मिनिटं कडेला नुसता उभा होतो. दीड तास लागला. हायवेवर रोज दोन वेळा हे नको, बायकोला तर अजिबात पटत नाही आणि तिचं बरोबर आहे.

आता असं ठरवतोय की मधला रस्ता एसटी नाहीतर रेल्वेने करायचा आणि दोन्ही टोकांना सायकल. घर ते स्टेशन ३ किमी, तिकडे जळगाव स्टेशन ते कंपनी साधारण ४, म्हणजे दिवसाला १४ किमी आपोआप होतील. एसटीचा मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो हे माहिती आहे. रेल्वेचा पास त्याहून स्वस्त, पण तो घेऊन स्लीपरला चढता येत नाही आणि जनरलला पाय ठेवायला जागा नसते.

अडलंय ते इथे, की जळगावला दुसरी जुनी सायकल रात्रभर स्टेशनच्या सायकल स्टॅण्डवर ठेवली तर राहते का नीट? आणि एप्रिल-मे मध्ये काय करता, संध्याकाळी सहाला पण अंगाची लाही होते, पारा ४४ च्या वर जातो आपल्याकडे. कोणी रोज करतं का असं? प्लीज सांगा.

प्रतिसाद:
भाऊ, मी तीन वर्षं करतोय, भुसावळहूनच. रेल्वेपेक्षा एसटी बरी पडेल तुम्हाला, कारण बस अजिंठा चौफुलीवरून जाते, तिथे उतरलात की एमआयडीसी जवळच. सायकल स्टॅण्डवर ठेवायच्या भानगडीत पडू नका, चौफुलीपासून कंपनीत पायीच जा, व्यायाम तोच होतो, मग ती दुसरी सायकल लागणार पण नाही कदाचित. उन्हाळ्यात सुती रुमाल ओला करून डोक्याकानाला बांधायचा, लिंबू-मिठाचं पाणी सोबत (तुमची शुगर बॉर्डरला आहे, साखर नको), आणि कपड्यांचा एक जोड कंपनीत. भुसावळच्या सायकलला मागे लाल लाईट लावा, आणि पंक्चरचं सामान ठेवाच, बाभळीचे काटे सोडत नाहीत.

धागाकर्ता:
चौफुलीचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार भाऊ. सोमवारपासून आधी आठवडाभर तिकीट काढून जातो, मग पास काढतो. संध्याकाळी सहानंतर चौफुलीवर बस थांबते का, की बस स्टॅण्डवरच जावं लागतं?